परत मागायची ठेव

रोमच्या दक्षिणेकडच्या सान सेबास्तियानो दरवाजातून बाहेर पडलं की आप्पिया मार्ग सुरू होतो. इ. स. पूर्व ३१२ मध्ये आप्पियस क्लॉडियसने तो बांधायला घेतला, आणि त्याचे काळे फरसबंदी दगड काही ठिकाणी आजही पायाखाली लागतात. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना थडगीच थडगी आहेत. शहराच्या हद्दीत प्रेत पुरायचं नाही आणि जाळायचंही नाही, असा रोमच्या बारा पाटींचा जुना कायदा होता. त्यामुळे रोमबाहेर पडणारा प्रत्येक हमरस्ता आधी मेलेल्यांच्या वस्तीतून जातो. मी या वाटेवर आलो तो एका प्रश्नाचा माग काढत. मरणानंतर ख्रिस्ती माणूस नेमकी कशाची आशा धरतो? याचं उत्तर बहुतेकजण, पुष्कळ ख्रिस्ती माणसंसुद्धा, ‘आत्मा स्वर्गात जातो’ असं देतात. पण रोमच्या मंडळीत बाप्तिस्मा घेणाऱ्याकडून जो मतांगीकार वदवून घेतला जाई त्यात शब्द होता देहाच्या पुनरुत्थानाचा, आणि मूळ लॅटिनमध्ये तर थेट ‘मांस’ या अर्थाचा. विद्वानांनी या शब्दाचा अर्थ काय लावला हे ग्रंथांत सापडतं. ज्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत, त्या सामान्य माणसांनी काय लावला हे त्यांच्या कबरींपाशीच विचारावं लागतं.

उत्तर नीट ऐकू यावं म्हणून आधी शेजाऱ्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. दरवाजाच्या आतल्या अंगालाच स्किपिओ घराण्याची कबर आहे आणि तिच्या जवळपास ‘कोलुंबारियम’ नावाच्या जमिनीखालच्या खोल्या आहेत. कोलुंबारियम म्हणजे शब्दशः कबुतरखाना. भिंतींत ओळीने शेकडो लहान कोनाडे आणि प्रत्येक कोनाड्यात अस्थिकलश ठेवायची सोय. स्किपिओंसारखी काही जुनी घराणी प्रेतं पुरत. पण पहिल्या शतकात रोममध्ये दहनाचीच चाल होती, आणि मोठ्या घरांतल्या गुलामांच्या, मुक्त झालेल्या दासांच्या अस्थी अशा कबुतरखान्यांत विसावत. कोनाड्यांवरच्या पाट्या वाचनीय आहेत. पितरांच्या देवतांना उद्देशून दोन अक्षरं, मग नाव, वय, धंदा. कुठे ‘माती तुझ्यावर हलकी राहो’ अशी इच्छा चार अक्षरांत आखडून लिहिलेली. आणि एक सूत्र तर इतकं रूढ झालं होतं की त्याचीही नुसती आद्याक्षरं कोरली तरी भागत असे. त्याचा आशय असा, की मी नव्हतो, मग होतो, आता नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही. या पाट्यांत प्रेम आहे, दुःख आहे, कुठे कुठे हेवा वाटावा असं धैर्यही आहे. पण कोनाड्यातलं जे आहे ते कोणी परत मागायला येईल, अशी अपेक्षा तिथे दिसत नाही.

तिथून वीस-पंचवीस मिनिटं चाललं की सान कालिस्तोची भुयारं येतात. वर सायप्रसची झाडं आणि शेत, खाली सुमारे वीस किलोमीटर लांबीच्या गल्ल्या, काही ठिकाणी चार मजले खोल. इथला तुफा दगड ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला. आपल्या कोकणातल्या जांभ्यासारखी त्याची जात आहे. कापताना मऊ, वारा लागला की कठीण. म्हणून साध्या कुदळीने खोदलेल्या या गल्ल्या आधाराच्या खांबांशिवाय अठराशे वर्षं उभ्या आहेत. गल्लीच्या दोन्ही भिंतींत फडताळाच्या कप्प्यांसारखे आडवे कप्पे, एकावर एक. प्रेत कापडात गुंडाळून कप्प्यात निजवायचं आणि तोंड विटांनी किंवा संगमरवरी फळीने बंद करून चुन्याने सांधायचं. ज्यांना नाव कोरून घेणं परवडत नसे ते ओल्या चुन्यात एखादं नाणं, काचेच्या पेल्याचा तळ, लेकराची बाहुली दाबून ठेवत. कबर ओळखता यावी म्हणून. ही जागा इ. स. २०० च्या सुमारास बिशप झेफिरिनसने कालिस्तस नावाच्या डीकनाच्या हवाली केली. पुढे कालिस्तस स्वतः रोमचा बिशप झाला. तो मूळचा गुलाम होता असं त्याच्याच एका विरोधकाने लिहून ठेवलं आहे. छळाच्या काळात ख्रिस्ती लोक इथे लपून राहत, ही चित्रपटांनी पसरवलेली समजूत मात्र खरी नाही. कबरीच्या जागेला रोमन कायद्याचंच संरक्षण होतं, आणि या जागा कुठे आहेत ते सरकारला ठाऊक होतं. म्हणून तर २५७ मध्ये सम्राट व्हॅलेरियनने ख्रिस्ती लोकांना इथे येण्याची बंदी केली, आणि पुढच्या वर्षीच्या ६ ऑगस्टला बिशप सिक्स्तस दुसरा याला दफनभूमीतच पकडून ठार मारण्यात आलं. ही लपण्याची जागा नव्हती. मग कसली होती, ते तिच्या नावातच सांगितलेलं आहे.

ख्रिस्ती लोक या जागेला ‘कोइमेतेरिऑन’ म्हणत. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ झोपण्याची जागा, शयनगृह. तोच शब्द युरोपच्या भाषांतून फिरत आपल्यापर्यंत आला. मुंबईत लोक ‘शिवडीची सेमेटरी’ म्हणतात तेव्हा नकळत ‘शिवडीचं शयनगृह’ म्हणत असतात. दुसरा शब्द कप्प्यांच्या फळ्यांवर सापडतो. नाव, आणि त्यापुढे ‘देपोसितुस’, पुष्कळदा नुसती पहिली तीन अक्षरं. त्याचा सरळ अर्थ ‘ठेवलेला’. पण रोमन कायद्यात या धातूपासून झालेल्या शब्दाला नेमका व्यवहारी अर्थ होता. दुसऱ्याच्या हाती विश्वासाने सोपवलेली, त्याने जपायची आणि धन्याने मागताच जशीच्या तशी परत करायची वस्तू. मराठीत याला एक अचूक शब्द आहे, ‘ठेव’. ठेव ही दान नव्हे आणि टाकून दिलेली वस्तूही नव्हे. ठेवीवर ठेवणाऱ्याचा हक्क संपत नाही, आणि जो ती राखतो तो तिचा मालक होत नाही. या दोन शब्दांवर माझं सगळं म्हणणं उभं आहे. झोपणारा उठायचा असतो आणि ठेव परत घ्यायची असते. या लोकांनी देह धरणीला दिला नव्हता, तिच्याजवळ ठेवला होता. आत्मा कुठे गेला याची उत्तरं तेव्हाच्या जगात बरीच होती. या भुयारांचं सांगणं वेगळं आहे, आणि ते मागे उरलेल्या देहाबद्दल आहे.

शब्दांनंतर चित्रं पाहावीत. कालिस्तोमधल्या तिसऱ्या शतकारंभीच्या लहान खोल्या, सालारिया रस्त्यावरच्या प्रिस्किला भुयारातला ‘ग्रीक चॅपेल’ नावाचा भाग आणि बुरखा घेतलेल्या स्त्रीच्या चित्राची खोली, अशा ठिकाणी छतांवर आणि भिंतींवर बायबलमधली तीच ती मोजकी दृश्यं परत परत येतात. माशाच्या पोटातून बाहेर येणारा योना. सिंहांच्या गुहेत हात पसरून उभा असलेला दानीएल. भट्टीत न जळणारे तिघे तरुण. कबरीच्या दारात कापडात गुंडाळलेला लाजर आणि त्याच्यासमोर काठी उगारून उभा असलेला ख्रिस्त. सुटकेच्या या गोष्टींत एक समान धागा आहे. ज्याची सुटका होते तो हाडामांसाचा माणूस आहे. योनाचा आत्मा माशातून सुटत नाही, योना सुटतो. तिघा तरुणांची अंगं भट्टीतून निघून जात नाहीत, भट्टीत शाबूत राहतात. वधस्तंभावरच्या ख्रिस्ताचं चित्र इथे नाही. ते दृश्य रोममध्ये सांता साबिनाच्या लाकडी दारावर दिसतं तेव्हा पाचवं शतक उजाडलेलं असतं. चित्रकलेचे जाणकार इथे एक रास्त आक्षेप घेतात. भोपळ्याच्या वेलाखाली पहुडलेला योना हा ग्रीक पुराणातल्या सुंदर एन्डिमिऑनवरून उचललेला आहे. शवपेट्यांवर तो एन्डिमिऑन अशाच ऐटीत निजलेला दिसतो. उसनवारी खरी आहे, आणि कारागीर बहुधा दोन्ही प्रकारच्या गिऱ्हाइकांसाठी काम करत असावेत. पण घेतलं काय आणि बदललं काय हे पाहिलं पाहिजे. एन्डिमिऑनला मिळालेली झोप कायमची आहे, तेच त्याचं वरदान. योनाची विश्रांती तात्पुरती आहे. त्याला निनवेला जायचं आहे, काम बाकी आहे. निजलेल्याची आकृती उसनी घेतली गेली, पण त्याच्या जागं होण्याची गोष्ट मूळच्या चित्रात नव्हती.

याहून वजनदार आक्षेप इतिहासाचा आहे. दुसऱ्या शतकापासून सगळं रोमच हळूहळू दहन सोडून दफनाकडे वळत होतं. आप्पिया मार्गावरच पुढे सान सेबास्तियानोच्या चर्चखाली दुसऱ्या शतकातल्या तीन सुरेख कबरी आहेत. त्या मुळात ख्रिस्ती नाहीत, आणि त्यांत अस्थिकलशांचे कोनाडे व प्रेतं ठेवण्याच्या जागा शेजारी शेजारी दिसतात. सान सेबास्तियानोच्या अलीकडेच व्हिन्या रांदानिनी नावाचं ज्यूंचं भुयार आहे. १८५९ मध्ये ते उजेडात आलं. तिथेही तसेच कप्पे, आणि भिंतींवर सात फाट्यांची दीपमाळ. मृताची झोप शांतीत होवो, ही ओळ तर ज्यू पाट्यांवर ठरलेलीच. रोमच्या दुसऱ्या टोकाच्या व्हिला तोर्लोनियातल्या ज्यू भुयारांची कार्बन चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. ही पद्धत ज्यूंनी ख्रिस्ती लोकांच्या आधी सुरू केली असावी, असं तीवरून दिसतं. शिवाय काही ख्रिस्ती फळ्यांवरसुद्धा पितरांच्या देवतांची ती दोन अक्षरं आहेत. मग या कप्प्यांतून ख्रिस्ती आशा वेगळी कशी काढायची? मी हा आक्षेप मान्य करतो आणि त्यातूनच पुढे जातो. नुसत्या दफनावरून काहीच सिद्ध होत नाही. मृत जागे होतील ही अपेक्षाही ख्रिस्ती लोकांनी शोधलेली नाही. ती ज्यूंची आहे, दानीएलाच्या ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात स्पष्ट सांगितलेली आहे आणि येशूच्या काळी परूशी या ज्यू पंथाने तिच्यासाठी वाद घातलेले आहेत. ख्रिस्ती लोकांचा दावा एवढाच होता की युगाच्या शेवटी सगळ्यांचं जे व्हायचं ते एका माणसाच्या बाबतीत आधीच झालं, यरुशलेमच्या वेशीबाहेर, तिसऱ्या दिवशी. म्हणून प्रेषित पौल त्याला पहिल्या पिकाची उपमा देतो. पहिली कणसं देवाला वाहिली की उरलेलं पीक येणार याची खात्री असते. म्हणजे ख्रिस्ती आशेची जमीन ज्यू आहे. कप्पे सारखे असल्याने माझं म्हणणं कमजोर होत नाही, त्याचं मूळ गाव सापडतं.

तिसरी शंका कोणत्याही काळी सुचणारी आहे. देह तर कुजतो. कप्प्यांत आज पाहिलं तर बहुतेक ठिकाणी हाडंही नाहीत. मग परत काय मिळणार, आणि ज्याला जाळलं त्याचं काय? प्राचीन जगाने हा प्रश्न फार क्रूरपणे विचारला. इ. स. १७७ मध्ये गॉलमधल्या लियाँ शहरात ख्रिस्ती लोकांना मारल्यावर त्यांची प्रेतं जाळून राख रोन नदीत सोडण्यात आली. त्यांना उठायला काही उरूच नये, हा उद्देश लियाँच्या मंडळीच्या पत्रात नोंदलेला आहे आणि चर्चचा इतिहासकार युसेबियस याने ते पत्र जपून ठेवलं आहे. त्यावर ख्रिस्ती लोकांचं उत्तर काय होतं? मिनुसियस फेलिक्सच्या ‘ऑक्ताव्हियस’ या संवादात ते मिळतं. दहनाने आमचं काही बिघडतं अशी भीती आम्हाला नाही, पुरण्याची जुनी आणि अधिक चांगली चाल आम्ही पाळतो, एवढंच. पौलाने तर पहिल्याच शतकाच्या मध्यात करिंथकरांना बी आणि रोप यांचा दाखला दिला होता. जे पेरतो तेच रूप उगवत नाही, तरी जे उगवतं ते त्याच बियांचं असतं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला हे निराळं समजावून सांगायला नको. म्हणजे ठेवीची उपमा इथे ताणून चालणार नाही. जशीच्या तशी हाडं गोळा करण्याचं वचन इथे नाही. जो माणूस या देहाने जगला तोच, पण बदललेल्या आणि न मरणाऱ्या देहाने उठेल, हे वचन आहे. म्हणून कॅथलिक चर्चला १८८६ मध्ये घातलेली दहनाची बंदी १९६३ मध्ये उठवता आली. २०१६ च्या सूचनेत मात्र राख उधळू नये, पवित्र जागी जपून ठेवावी, असं सांगितलं गेलं. देव राखेतूनही उठवू शकतो, म्हणून दहनाला मोकळीक. राख ही कोणा माणसाची आहे, म्हणून तिची जपणूक. भुयारातली समजूत या दोन्ही निर्णयांत शिल्लक आहे.

आणि शेवटचा आक्षेप, सगळ्यांत आधुनिक. हे दुःखी माणसांचं मनाचं समाधान आहे, आणि परलोकाकडे बघता बघता इहलोकाचा विसर पाडणारं आहे. पहिल्या भागाला त्या काळचं जगच उत्तर देतं. मनाला गोड वाटणारी कल्पना हवी असती तर ती बाजारात तयार होती. प्लेटोच्या शिष्यांनी अमर आत्म्याचं देखणं तत्त्वज्ञान मांडलेलं होतं. देह हा तुरुंग, मरण ही सुटका. सुशिक्षित माणसाला तेच पटत असे. मेलेल्यांच्या उठण्याचं नाव काढताच अथेन्समध्ये पौलाची टिंगल झाली, आणि दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती धर्माचा टीकाकार केल्सस याने तर ही किड्यांना शोभणारी आशा म्हणून हिणवली. हसं होणार हे ठाऊक असूनही या लोकांनी अवघड पर्याय धरून ठेवला. दुसऱ्या भागाचं उत्तर भुयाराच्या भिंतीच देतात. १९७ च्या सुमारास कार्थेजचा तर्तुलियन सांगतो की मंडळीच्या पेटीत जमलेला पैसा गरिबांना जेवू घालण्यासाठी आणि त्यांना पुरण्यासाठी खर्च होतो. कालिस्तोतल्या गल्ल्या हेच दाखवतात. श्रीमंतांच्या रंगवलेल्या खोल्या आहेत, समता पूर्ण होती असं म्हणता येणार नाही. पण त्याच गल्लीत, त्याच मापाच्या कप्प्यात, नावाची फळीही नसलेली हजारो माणसं आणि चिमुकल्या कप्प्यांत तान्ही मुलं जपून निजवलेली आहेत. १८५४ मध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सीने तिसऱ्या शतकातल्या बिशपांची खोली शोधून काढली. तिथेही भिंतीत कप्पेच आहेत, आणि फळीवर ग्रीकमध्ये नाव व ‘बिशप’ एवढंच. २५० मध्ये मारल्या गेलेल्या फाबियनच्या नावापुढे ‘साक्षीदार’ या अर्थाचा संक्षेप जोडलेला, बस. ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे परतलेला सम्राट जुलियन (३६१–३६३) याने या धर्माच्या वाढीची कारणं स्वतःच्या पुरोहिताला लिहून कळवली. परक्यांवरची माया आणि मृतांच्या कबरींची काळजी ही त्यांतली दोन. तो विरोधक होता, म्हणून त्याची साक्ष मोलाची. देह ही टाकायची वस्तू असेल तर भिकाऱ्याच्या प्रेतासाठी कोण दगड फोडेल? देह ही देवाची ठेव असेल तर भिकाऱ्याचंही प्रेत जपावं लागतं. आणि प्रेत जपायचं, तर जिवंतपणी त्याला उपाशी कसं ठेवायचं? या आशेने इहलोकाचा विसर पाडला नाही. तिने गरिबाच्या देहाला इहलोकातच किंमत दिली.

मराठी वाचकाला हे सगळं थोडं परकं वाटेल, आणि त्याचं कारण सरळ आहे. आपल्याकडच्या बहुतेक परंपरांत देह हे बदलायचं वस्त्र आहे, आणि जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणं हे मागणं आहे. मराठी ख्रिस्ती भाषेत ‘पुनर्जन्म’ आणि ‘पुनरुत्थान’ हे शब्द शेजारी उभे राहतात आणि सहज एकमेकांत मिसळतात. पण ते दोन वेगळ्या दिशांना बघतात. पुनर्जन्मात जीव तोच, देह नवा, आणि आधीचं नाव-गाव मागे पडलेलं. पुनरुत्थानात माणूस तोच, त्याच नावाचा, त्याच जखमांसकट. शुभवर्तमानांतला उठलेला ख्रिस्त हातांवरचे खिळ्यांचे व्रण दाखवतो, ते पुसलेले नाहीत. १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोलला छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर थॉमस स्टीफन्स यांनी ही कथा मराठी ओवीत आणली, तेव्हापासून ती आपल्या भाषेतही राहते आहे. दोन्हींत कोणता मार्ग खरा हा निवाडा या लेखाचा नाही. पण फरक पुसून ‘शेवटी सगळं एकच’ म्हणणं हे दोन्हींवर अन्याय करणारं आहे. एक परंपरा देहाच्या बंधनातून मोकळं व्हायला शिकवते. दुसरी त्या देहाचीच सुटका मागते.

ख्रिस्त उठला हे भुयारं सिद्ध करतात का? नाही. कुदळीने तेवढं खोल जाता येत नाही, ते विश्वासाचं क्षेत्र आहे. मात्र ज्यांनी विश्वास ठेवला त्यांनी नेमका कशावर ठेवला, हे भुयारं सिद्ध करतात, आणि माझा निष्कर्ष तेवढ्यावर पक्का आहे. ख्रिस्ती आशा म्हणजे आत्म्याची देहापासून सुटका नव्हे, माणूस संपूर्ण परत मिळेल ही खात्री. ज्या चर्चने हे विसरून नुसत्या स्वर्गाच्या गोष्टी सांगितल्या, त्याने स्वतःचीच ठेव हरवली. सान सेबास्तियानोच्या पुढे थोड्या अंतरावर चेचिलिया मेतेल्लाची प्रचंड गोल कबर आहे. या रस्त्यावरची सर्वांत दिमाखदार. मध्ययुगात तिचा किल्ला केला गेला, आणि आज पर्यटक तिच्या भिंती पाहून परततात. रोमला गेलात तर कोलोसियम आणि सेंट पीटर्सनंतर अर्धा दिवस या रस्त्यासाठी राखा, ती कबर पाहाच, पण त्याआधी खाली उतरून एखाद्या बिननावाच्या कप्प्यासमोर उभे राहा. आणि रोमला जाणं झालं नाही तरी २ नोव्हेंबरला वसईत किंवा गोव्यात एखाद्या दफनभूमीवरून गेलात, कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या दिसल्या, तर एवढं आठवा. त्या जागेचं मूळ नाव शयनगृह आहे, आणि तिथे जे आहे ते ठेवलेलं आहे.